छेत्रीची खरी जागा कोणती? नऊ, दहा की डावी कड?

तलावपाळीकर | २६ मार्च २०२५, रात्री ११:४०

काल शिलाँगला भारताच्या फुटबॉल संघाची बांगलादेशशी शून्य-शून्य. आशिया चषक पात्रतेची पहिलीच मॅच, घरचं मैदान, आणि गोल नाही. बायकोची मालिका बंद करून बघितली. संपल्यावर ती म्हणाली, "गोल व्हायचाच नव्हता तर माझा एपिसोड कशाला बुडवलास?" गप्प बसलो.

रागाच्या भरात लिहायचं नाही म्हणून एक दिवस थांबलो. ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध खेळून आपला स्ट्रायकर सुनील छेत्री राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला, आपण सगळे डोळे पुसत बसलो. नऊ महिन्यांनी साहेब परत. १९ तारखेला मालदीवविरुद्ध लिस्टनच्या क्रॉसवर हेडर मारून देशासाठी ९५ वा गोलही केला. परत यायला हवं होतं की नको, यावर व्हॉट्सअ‍ॅपवर भांडून झालंय, ते इथे नको. आता आलाच आहे तर त्याला उभा कुठे करायचा, एवढंच बोलू.

माझं मत: एकटा नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढे मधोमध उभा स्ट्रायकर, म्हणून नाही. उंची पाच फूट सात इंच, वय चाळीस. दोन धिप्पाड सेंटर बॅकना (मधल्या बचावपटूंना) पाठीवर घेऊन लांबून आलेला बॉल छातीवर थोपवायचा, हे काम त्याचं कधीच नव्हतं. तो मागून गुपचूप येणारा माणूस. त्याच्या पुढे मार खायला कोणीतरी आडदांड हवा आणि हा त्याच्या आडोशाला. दहा नंबर म्हणा, सेकंड स्ट्रायकर म्हणा.

मला हे टीव्हीपेक्षा टर्फवर जास्त कळलं. आमच्या सोसायटीच्या टीममध्ये एक काका आहेत, वय ४७. दिवाळीत रीतसर केक कापून निवृत्त झाले, संक्रांतीला तिळगूळ घेऊन परत आले. हट्ट एकच, खेळीन तर पुढेच. परवा समोरच्या टीममधला कॉलेजचा एक पोरगा त्यांच्या पाठीला असा चिकटला, जसा ८:०५ च्या गाडीत मागचा माणूस चिकटतो. अर्ध्या तासात काकांना बॉल चारदा मिळाला, चारही वेळा गेला. मग दम लागला म्हणून ते मध्यावर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आणि तिथून, जागचे न हलता, दोन पास असे दिले की आमच्या पोरांनी डोळे मिटून गोल केले असते. (एक केला. दुसरा जाळीवरून शेजारच्या पार्किंगमध्ये.)

बोला.

---

घोडबंदरचा ट्रॅफिक | २६ मार्च, रात्री ११:५२

जागा पकडली. उद्या ऑफिसला जाताना वाचतो, वेळच वेळ असतो.

---

ऑफसाइड अण्णा | २७ मार्च, सकाळी ७:१५

मी सांगतो जागा. बाकावर. आणि बाकावरही कडेला, म्हणजे तरुण पोरांना लवकर उठता येईल.

१० सप्टेंबर २०१९ आठवा. दोहा, कतार, त्याच वर्षी आशिया चषक जिंकलेला संघ. छेत्री तापाने आजारी, मैदानात नाही. शून्य-शून्य! गोलकीपर गुरप्रीत भिंतीसारखा उभा राहिला. देवाशिवाय देऊळ चालतं.

---

नेरूळ पूर्व | २७ मार्च, सकाळी ९:०३

अण्णा, त्या मॅचमध्ये आपण जिंकलो नव्हतो, वाचलो होतो. पाचच दिवस आधी गुवाहाटीला ओमानविरुद्ध आपला एकमेव गोल कोणी मारला होता? तोही फ्री किक ठरवून घेतलेली, ब्रँडनने जमिनीवरून सरकवली आणि हा धावत आला. मॅच २-१ ने हरलो, पण ८२ व्या मिनिटापर्यंत पुढे होतो.

मूळ प्रश्नाबद्दल. मी २०१५ ला डी. वाय. पाटीलवर होतो. तेव्हा मुंबई सिटी क्लबचं घरचं मैदान आमच्या नेरूळचं होतं आणि छेत्री मुंबईकडे. नॉर्थईस्ट क्लबला ५-१ ने धुतलं त्या रात्री त्याने हॅटट्रिक केली, आयएसएलमधली (आपल्या क्लबांच्या लीगमधली) भारतीय खेळाडूची पहिली. ऑफिसातून थेट गेलो होतो, डबा बॅगेत तसाच. माझा मित्र बॉल बघत होता. मी ठरवून फक्त छेत्रीकडे बघत बसलो, कारण टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे पळतो, हा काय करतो ते कधी दिसतच नाही.

तर हा बहुतेक वेळ काहीच करत नाही! चालतो. दोन पावलं पुढे, एक मागे. पण मान सतत फिरती. बॉल कुठे आहे यापेक्षा समोरचा बॅक कुठे बघतोय याकडे लक्ष. त्या बॅकने बॉलकडे मान वळवली की हा त्याच्या पाठीमागून निसटलेला. त्याला नऊ म्हणा, दहा म्हणा, पाठीवरचा आकडा ११ आहे ते वेगळंच.

---

शुभदा_सीवूड्स | २७ मार्च, सकाळी ११:२०

तलावपाळीकर, दहाच्या जवळ आहात, पण खरं उत्तर डावी कड आहे.

२०१७-१८ चं बेंगळुरू, छेत्रीचा क्लब, काढून बघा. कोच अल्बर्ट रोका. मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू, उजवीकडे उदांता, डावीकडे छेत्री. मिकूचे १५ गोल, छेत्रीचे १४. विंगवरून १४! कारण तो विंगर म्हणून खेळतच नव्हता. सुरुवात रेषेजवळ, शेवट बॉक्समध्ये. दोन्ही सेंटर बॅक मिकूच्या मागे आणि राइट बॅक उजव्या कडेने आलेल्या क्रॉसकडे बघत. मग गोलच्या दूरच्या खांबापाशी हा एकटाच.

राष्ट्रीय संघात मिकू नाही, हा दोष छेत्रीचा का?

---

कोपरीकाका | २७ मार्च, दुपारी १:४४

शुभदाताई, तेव्हा तो ३३ चा होता. डाव्या कडेला खेळणाऱ्याने लेफ्ट बॅकला मदत करायला मागे यावं लागतं. चाळिशीत एकदा मागे आला की पुढे जायला रिक्षा लागेल. आणि ती मीटरने येणार नाही.

---

शुभदा_सीवूड्स | २७ मार्च, दुपारी २:१०

😄 मान्य. पण मग मागच्या मिडफिल्डरने ती जागा झाकायची. सगळी कामं एकट्यानेच करायची का? (हे मी घरीही विचारते.)

---

वाशी खाडी | २७ मार्च, रात्री १०:३०

दोन दिवस वाचतोय. सगळे मुलगी बघायला गेल्यासारखे चर्चा करताय, पण घरात दुसरं स्थळच नाही हे कोणी बोलत नाही.

छेत्री नऊ नंबरवर का खेळतो? कारण नऊ नंबर नाही म्हणून. आयएसएलमधले बहुतेक क्लब पहिला पैसा परदेशी स्ट्रायकरवर घालतात. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा एका वेळी सहा परदेशी मैदानात असायचे. २०१७ ला पाच, २०२१-२२ पासून चार. आकडा कमी झाला, पण त्या चारात स्ट्रायकर राहिलाच. यंदा गोल्डन बूटच्या शर्यतीत नॉर्थईस्टचा मोरोक्कन अजारे कुठच्या कुठे पुढे आहे. मनवीरला मोहन बागानने उजव्या विंगवर नेला. छांगते विंगर, लिस्टन विंगर. क्लबकडून वर्षभर कडेने पळायचं आणि देशासाठी दहा दिवस मध्ये उभं राहायचं. जमेल कसं?

स्ट्रायकर बायचुंग भूतिया होता तोपर्यंत छेत्रीला कोणी एकटं सोडलं नाही. २००८ चा एएफसी चॅलेंज कप, दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम, ताजिकिस्तानविरुद्ध फायनल ४-१. छेत्रीचे तीन, भूतियाचा एक. त्या एका मॅचमुळे आपण २०११ च्या आशिया चषकात गेलो. भूतिया सेंटर बॅकशी झटापट करायचा, छेत्री मोकळा. भूतिया गेला आणि याला बढती मिळाली. आपल्याकडे उत्तम इंजिनिअरला मॅनेजर करून वाया घालवतात, तसली बढती.

---

नेरूळ पूर्व | २७ मार्च, रात्री १०:४१

शेवटच्या वाक्याला +१. मी मॅनेजर आहे.

---

ऑफसाइड अण्णा | २८ मार्च, सकाळी ७:०५

९५ गोल ९५ गोल काय लावलंय. त्यातले मालदीव, नेपाळ, चायनीज तैपेईविरुद्धचे किती ते मोजा.

---

वाशी खाडी | २८ मार्च, सकाळी ८:५०

मोजू की. तुम्ही मात्र आशिया चषकातले मोजा. २०११ ला बहारीनविरुद्ध एक, दक्षिण कोरियाविरुद्ध एक, २०१९ ला थायलंडविरुद्ध दोन. आणि अण्णा, मालदीवविरुद्ध गोल मारणं सोपं असेल तर बाकीच्यांना कोणी अडवलंय?

---

घोडबंदरचा ट्रॅफिक | २८ मार्च, सकाळी ९:३५

थायलंडची आठवण काढलीत म्हणून लिहितो. गाडी गायमुखाला उभीच आहे.

६ जानेवारी २०१९, अबूधाबी. ४-१. तेव्हाचे कोच कॉन्स्टंटाइन यांनी त्या दिवशी छेत्रीच्या जोडीला आशिक कुरुनियनला पुढे लावला होता. आशिक म्हणजे पळणारा प्राणी. तो बॅकच्या अंगावर धावून जायचा, बॅक मागे सरकायचे आणि मधे एक पट्टा मोकळा पडायचा. छेत्रीचा दुसरा गोल त्याच पट्ट्यातून आहे. हाफटाइमनंतर पहिल्याच मिनिटाला, धावत येऊन, एकाच टचमध्ये. बॉल थांबवलासुद्धा नाही.

म्हणजे तलावपाळीकर म्हणतात ते बरोबर, फक्त पुढचा माणूस आडदांडच हवा असं नाही. त्रास देणारा हवा.

(पुढे यूएईकडून हरलो, बहारीनविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी दिली आणि घरी. ते आठवत नाही म्हणायचं असतं.)

---

कोपरीकाका | २८ मार्च, सकाळी १०:०२

गायमुखला टाइप करताना मोबाइल हातात?

---

घोडबंदरचा ट्रॅफिक | २८ मार्च, सकाळी १०:२०

बसमध्ये आहे हो काका. अजून गायमुखलाच.

---

पुढेच खेळणार | २८ मार्च, रात्री ९:१५

नमस्कार. या धाग्यासाठी आयडी काढला आहे. पहिल्या पोस्टमधला काका मीच.

१) बॉल चारदा नाही, सहा वेळा मिळाला.
२) ८:०५ च्या गाडीची उपमा योग्य आहे.
३) मध्यावर दम लागून नाही, डावपेच म्हणून आलो होतो.

छेत्रीबद्दल: स्ट्रायकरला मागे आणलंत की तो मेला. गोलपासून चाळीस यार्डांवर त्याच्यापेक्षा चांगले पास देणारे दहा सापडतील. बॉक्समध्ये उडी कधी मारायची हे कळणारा एकच आहे. उंची पाच-सात आणि हेडरने किती गोल बघा. उंची कमी असलेला माणूस हेडर डोक्याने नाही, घड्याळाने मारतो.

---

तलावपाळीकर | २८ मार्च, रात्री ९:२२

मेलो. काका, पाडव्याला सकाळी सातचा स्लॉट आहे, शोभायात्रेच्या आधी. चिडू नका.

---

गोलकीपरची आई | २९ मार्च, दुपारी ३:००

मी नेहमी वाचनमात्र असते. पण "जागा" या शब्दाशी आमचं घर गेलं वर्षभर झगडतंय.

मुलगी बारा वर्षांची, खारघरला शिकायला जाते. तिला पुढे खेळायचं होतं. कोच म्हणाले, उंच आहेस, गोलमध्ये उभी राहा. महिनाभर रडली. घरी येऊन ग्लोव्हज वॉशिंग मशीनमागे टाकायची, मी काढायची. मग एके दिवशी पेनल्टी अडवली आणि दुसऱ्या दिवशी ग्लोव्हज शोधत स्वतः मशीनमागे हात घातला.

तिला डी. वाय. पाटील दाखवायला नेलं होतं, बाहेरूनच. जानेवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशिया चषकात आपल्या मुलींचा संघ इथेच होता. इराणशी बरोबरी झाली आणि पुढच्या मॅचला करोनामुळे किमान लागणाऱ्या तेरा जणीही जमवता आल्या नाहीत. घरच्या मैदानावर स्पर्धेबाहेर. मुलीने विचारलं, "गोलकीपर पण आजारी होती का?" तेव्हा तिला स्वतःची जागा पटलीय हे मला कळलं.

बाकी चालू द्या. छेत्रीला गोलमध्ये उभा करा असं माझं म्हणणं नाही.

---

नेरूळ पूर्व | २९ मार्च, दुपारी ३:२५

ताई, वाचनमात्र राहू नका. लिहीत जा.

---

शुभदा_सीवूड्स | ७ एप्रिल, सकाळी ८:००

काल कोणी बघितलं?? गोव्यात आयएसएलच्या उपांत्य फेरीची दुसरी मॅच. बेंगळुरू दोन गोलांची आघाडी घेऊन गेलं होतं, गोव्याने दोन्ही फेडले, आता एक्स्ट्रा टाइम असं वाटत असताना ९२ व्या मिनिटाला राखीव म्हणून आलेल्या छेत्रीचा हेडर. फायनलमध्ये!

मी माझं डाव्या कडेचं मत तात्पुरतं मागे घेते.

---

पुढेच खेळणार | ७ एप्रिल, सकाळी ८:०४

घड्याळ.

---

ऑफसाइड अण्णा | ७ एप्रिल, सकाळी ८:३०

बाकावरून उठून आला हे लक्षात घ्या. माझी २७ मार्चची पोस्ट पुन्हा वाचावी.

---

वाशी खाडी | ७ एप्रिल, सकाळी ९:१२

अण्णा आणि टर्फवाले काका दोघंही बरोबर ठरले, हा दिवस बघायचा होता.

पण खरंच, सीझनच्या सुरुवातीला हैदराबादविरुद्धही असंच. राखीव म्हणून आला, शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल. डिसेंबरमध्ये केरळविरुद्ध हॅटट्रिक. क्लबने त्याचं वय ओळखून वापर केला. देशाने मात्र आल्या आल्या "घे बाबा, सांभाळ" म्हणून किल्ल्या हातात दिल्या. नव्वद मिनिटं मध्ये उभा करून बॅकचे धक्के खायला लावण्यापेक्षा समोरचे बॅक ७० मिनिटं दमू द्या, मग बॉक्समध्ये सोडा.

---

कोपरीकाका | ७ एप्रिल, रात्री ९:४०

मी १९७९ पासून लोकलने जातोय. आमच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते, कधी धावले नाहीत. फलाटावर एका ठरावीक खांबापाशी उभे राहायचे, पेपरातून मान वर न काढता. गाडी यायची, दार बरोब्बर त्यांच्या नाकासमोर. आम्ही पळत यायचो आणि ते आत खिडकीला. निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना विचारलं, कसं कळायचं? म्हणाले, "गाडीकडे बघतच नव्हतो. मोटरमनच्या ब्रेकचा आवाज ऐकायचो."

नेरूळ पूर्व यांनी २०१५ चं जे लिहिलंय ते वाचून ते आठवले. अशा माणसाला कुठला फलाट द्यायचा हा प्रश्न आहे खरा. पण गाडीच येत नसेल तर तो तरी काय करणार? शिलाँगला गाडीच आली नाही.

---

घोडबंदरचा ट्रॅफिक | ८ एप्रिल, सकाळी ९:५०

काका, दंडवत.

अवांतर: २०१८ ला अंधेरीत होतो. १ जूनला तैपेईविरुद्ध हॅटट्रिक, स्टेडियम रिकामं. मग त्याने व्हिडिओ टाकून हात जोडले, आम्हाला शिव्या द्या पण बघायला या म्हणाला. ४ तारखेला केनिया, त्याची शंभरावी मॅच, आणि हाऊसफुल्ल. आभाळ फाटलेलं. मैदानात बॉल पुढे जाण्याऐवजी पाण्यात रुतत होता. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, मोजे तिथेच पिळून खिशात. ३-०, त्याचे दोन. शेवटचा गोल कीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला. बॉल जमिनीवर चालत नाही हे बहुतेक मैदानात त्याला एकट्यालाच कळलं होतं.

---

नेरूळ पूर्व | ११ जून २०२५, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. हाँगकाँग १, आपण ०. इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी. दोन मॅचमध्ये एक गुण आणि शून्य गोल. कोण कुठे खेळला यावर लिहायला बसलो होतो, जेवण गार झालं. सोडलं.

---

वाशी खाडी | १५ ऑक्टोबर २०२५, रात्री १२:०५

मडगाव. सिंगापूरकडून १-२. छांगतेने सुरुवातीलाच पुढे नेलं होतं. आशिया चषक २०२७ संपला आपला, सुरू व्हायच्या आधी.

मधल्या काळात कोच बदलला, मानोलो गेले, खालिद जमील आले. आपल्या मुंबईत खेळलेला, मुंबईत कोचिंग केलेला माणूस. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपला ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला, तोही छेत्रीला न नेता. पात्रतेच्या मॅच आल्या आणि छेत्री परत यादीत. हा फक्त छेत्रीचा प्रश्न राहिलेला नाही हो. ४१ वर्षांच्या माणसाची जागा आपण सात महिने शोधतोय आणि २१ वर्षांच्या कोणाची शोधत नाही.

---

ऑफसाइड अण्णा | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:००

आज मी काही बोलत नाही.

---

शुभदा_सीवूड्स | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

अण्णा, बोला हो. तुम्ही गप्प बसलात की जास्त वाईट वाटतं.

तलावपाळीकर, धागा तुमचा. शेवटी काय ठरलं? नऊ की दहा? आणि टर्फवाल्या काकांचं काय झालं?

---

तलावपाळीकर | १५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

छेत्रीबाबत मत तेच, थोडं वाकवून. जोडीला कोणी असेल तर दहा. नसेल तर शेवटची वीस मिनिटं, बॉक्समध्ये. पूर्ण वेळ एकटा नऊ, कधीच नाही. शुभदाताईंची डावी कड दहा वर्षं लहान असता तर दिली असती.

काकांचं सांगतो. पाडव्यानंतर त्यांनी ऐकलं. मध्यावर खेळायला लागले आणि पुढे कॉलेजचा एक उंच पोरगा आणला. गोल काय व्हायचे! काका पास देऊन तिथेच हात वर करून उभे, पोरगा पळतोय. पावसाळाभर हरलो नाही. जुलैमध्ये एकदा काकांनी स्वतःहून मान्य केलं की मजा येतेय. घरच्यांना सांगू नका म्हणाले.

गेल्या महिन्यात पोरग्याला पुण्यात नोकरी लागली. दोन रविवार तिसऱ्याला पुढे लावून पाहिला, तो ऑफसाइड म्हणजे काय ते विचारतो. परवा टर्फवर पोचलो तर काका बूट बांधून आधीच पुढे जाऊन उभे. कोणी काही बोललं नाही.

---

पुढेच खेळणार | १५ ऑक्टोबर, रात्री ११:०२

या रविवारी, सकाळी सहाचा स्लॉट, एक जण कमी आहे. ठाण्यातलं कोणी येणार असेल तर व्यनि करा. उंच असेल तर बरं.